पाय पलंगावर उचलतो, मग उभं राहिल्यावर काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मिस्टरांचं वय ४६, ऐरोलीला राहता, त्यांची नोकरी महापेला. पाठीच्या मधल्या भागात, डी ६ ते डी ८ या मणक्यांपाशी, मज्जारज्जूच्या आतच गाठ होती, रिपोर्ट एपेन्डिमोमा, सर्जन म्हणाले पूर्ण निघाली. ऑपरेशनला सहा आठवडे झालेत. पलंगावर दोन्ही पाय उचलतात, घरी येणारा फिजिओ म्हणतो पॉवर चार आहे, पण उभं केलं की पाय भलतीकडेच पडतात, रात्री बाथरूमला जाताना दोनदा तोल गेला, सकाळी पाय कडक असतात. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त खातंय ते हे, की ॲडमिट होताना ते स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. मग बिघडलं कसं आणि परत चालतील का.

मी ठाण्यात बरीच वर्षं न्यूरो फिजिओ करतेय, मणक्याचे पेशंट रोजचेच. एमआरआय बघितलेला नाही, त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितेय ते तुमच्या सर्जनला आणि फिजिओला विचारून करायचं, एवढं धरून चाला.

आधी बिघडलं कसं ते. मणक्यातल्या गाठी सगळ्या सारख्या नसतात. मेनिन्जिओमा किंवा श्वानोमा बहुतेक वेळा मज्जारज्जूच्या बाहेर असतात, बाहेरून दाबतात, त्या काढल्या की दाब सुटतो आणि काही पेशंट आठवड्याभरातच आधीपेक्षा बरे दिसायला लागतात. एपेन्डिमोमा आत असतो. तिथे पोचायला सर्जनला मज्जारज्जू मागच्या बाजूने बरोबर मध्यावर उघडावा लागतो, आणि त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना जे धागे असतात ते पायाची खबर मेंदूला देणारे असतात, म्हणजे गुडघा किती वाकलाय, पाऊल कुठे आहे, तळवा जमिनीला टेकला की नाही, ही खबर. ते धागे बाजूला सारले जातात, सुजतात, त्यामुळे ऑपरेशननंतर काही आठवडे, कधी काही महिने, पेशंट आधीपेक्षा वाईट असणं हे या ऑपरेशनमध्ये नेहमी दिसतं आणि चांगले सर्जन ते आधी सांगूनही ठेवतात, पण त्या टेन्शनमध्ये कोणाच्या लक्षात राहतंय. तर ऑपरेशन फसलं असं याच्यावरून काढू नका. सूज उतरते तसं बरंच परत येतं. सगळंच येईल असं मात्र कोणी लिहून देत नाही आणि मीही देणार नाही. म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंची गाठ काढली आणि त्या महिन्यात चालायला लागल्या, ही तुलना डोक्यातून काढून टाका, त्यांची गाठ कुठली होती ते तुम्हाला माहीत नाही.

आता मुद्द्याचं. घरच्यांचं सगळं लक्ष ताकदीवर असतं, पाय किती उचलला, किती वेळ धरला. पण चालणं तीन गोष्टींनी अडतं, ताकद नसणं, पायाची खबर न मिळणं, आणि पाय कडक होणं. पॉवर चार म्हणजे पाचपैकी चार, त्या पॉवरवर माणूस चालू शकतो, तीनच्या वर असलेले पेशंट मी चालताना रोज बघते. तुमच्या वर्णनात ताकद हा पहिला अडथळा दिसतच नाहीये, खबर हा आहे. पाय कुठे पडतोय कळत नाही, आणि रात्री जास्त तोल जातो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय तिकडेच जातो, कारण दिवसा डोळे पायाचं काम करतात आणि अंधारात ते पण बंद.

घरी बघायचं असेल तर असं बघा. त्यांना पलंगावर आडवं करा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरायचा, म्हणजे नखाच्या डाव्या-उजव्या कडेला तुमची बोटं, वरून-खालून नाही, वरून-खालून धरलं तर बोटाचा दाब लागतो आणि दाबावरून ते बरोबर ओळखतात, मग सगळं नॉर्मल आहे असं वाटतं. आता अंगठा अगदी थोडा वर करा किंवा खाली करा आणि विचारा, वर की खाली. आठ-दहा वेळा, उलटसुलट क्रमाने. निरोगी माणूस एकही चुकत नाही. ते निम्म्या वेळा चुकले तर ते अंदाजपंचे सांगतायत असं समजा. मग तेच घोट्याला करा, मग गुडघ्याला. मी असं करते तेव्हा बायको बाजूला उभी असते आणि अंगठा खाली असताना नवरा ठामपणे "वर" म्हणतो ते ऐकून तिचा चेहरा बदलतो, कारण तोपर्यंत तिला वाटत असतं की हे मनावर घेत नाहीयेत. मनावर घेण्याचा प्रश्नच नाही, पायाकडून मेंदूला फोनच लागत नाहीये.

घोट्याला चुकतात पण गुडघ्याला बरोबर सांगतात, असं असेल तर ते चांगलं, वरून खाली खबर सुधारत येते असं बऱ्याचदा दिसतं. महिन्यातून एकदा हीच तपासणी करून वहीत तारीख टाकून लिहा, तोंडी "आधीपेक्षा बरं आहे" याला काही अर्थ नसतो.

मग उपाय काय. वजनं बांधून पाय उचलण्याचा व्यायाम वाढवून इथे फार हाती लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते, १९व्या शतकाच्या शेवटी त्यांच्याकडे सिफिलिसमुळे मज्जारज्जूचा हाच मागचा भाग खराब झालेले पेशंट यायचे, त्यांच्यासाठी त्यांनी जे व्यायाम बसवले ते आजही आम्ही वापरतो, नावच फ्रेंकेल एक्सरसाइज. कल्पना साधी, पायाची खबर मिळत नाही तर डोळ्यांनी बघून, सावकाश, मोजत, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायची. पाठीला उशा लावून अर्धवट बसवा म्हणजे स्वतःची पावलं दिसतील, मग टाच चादरीवरून घसरवत गुडघा वाकवायचा, मध्ये थांबायचं, परत सरळ, तोंडाने एक-दोन-तीन-चार म्हणत. नंतर खुर्चीत बसून जमिनीवर खडूने फुल्या काढा आणि सांगा, या फुलीवर टाच, आता त्या फुलीवर. सिडकोच्या फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स असतात ना, त्यांच्या जोडाच्या रेघा तर आयत्याच मिळतात, पाऊल रेघेवर ठेवायचं, रेघेच्या बाहेर गेलं तर उचलून परत. आणि हे बघा, हे झटक्यात केलं तर सोपं जातं, सावकाश केलं की पाय थरथरतो आणि चुकतो, म्हणून पेशंट आपोआप झटके मारत करायला लागतात आणि घरच्यांना वाटतं वा, काय फास्ट झालंय. तसलं फास्ट नको. दहा मिनिटं, मग आराम, दिवसातून चार-पाच वेळा, दमलेल्या पायाने केलेली प्रॅक्टिस चुकीचीच पाठ होते.

उभं राहायचं ते आरशासमोर. कपाटाला मोठा आरसा असेल तर तिथे, समोर वॉकर, मागे खुर्ची भिंतीला टेकवून. पावलं खांद्याएवढी लांब ठेवून, आधी फक्त वजन डावीकडे, उजवीकडे. इथे गुडघ्यांवर नजर ठेवा, खबर नसलेला माणूस गुडघा मागच्या बाजूला पार लॉक करून उभा राहतो, कारण लॉक झाला की सुरक्षित वाटतं. ही सवय लागली की काही महिन्यांनी गुडघ्याच्या मागे दुखायला लागतं आणि चाल कायमची खराब होते, तेव्हा गुडघा किंचित सैल, वाकलेला नाही पण लॉक पण नाही, हे पहिल्या दिवसापासून. खुर्चीतून उठणं-बसणं हा माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जाणारा व्यायाम आहे, उंच खुर्चीपासून सुरू करून हळूहळू खाली आणा, उठताना सोपं असतं, बसताना धप्पकन न पडता सावकाश बसणं हे खरं काम. कमरेतून किती वाकायचं ते मात्र सर्जनला विचारून, स्क्रू टाकले असतील तर नियम वेगळे असतात.

चालायला सुरुवात झाली की चालायचंच, चालण्याची तयारी म्हणून पलंगावरचे व्यायाम वाढवत बसायचं नाही. मज्जारज्जूत गाठीच्या खालच्या भागात पाय टाकण्याच्या लयीची स्वतःची यंत्रणा असते, आणि ती चालण्यानेच जागी होते. पुढे दोन चाकं असलेला वॉकर घ्या, अशा पेशंटला दर पावलाला वॉकर उचलावा लागला की त्या उचलण्यातच तोल जातो. उंची अशी की हात सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे वॉकरची मूठ. तुम्ही समोर उभं राहून हात धरून ओढू नका, आणि काखेत हात घालून तर अजिबात नाही, तुम्ही जास्त कच्च्या पायाच्या बाजूला अर्धं पाऊल मागे, कमरेला जाड पट्टा बांधून तो धरायचा. घरात स्लीपर बंद, ती पायातून निघून गेलेली त्यांना कळणारच नाही. मागून बंद असलेले बूट किंवा पट्टा असलेले फ्लोटर. पाऊल पुढे लोंबत असेल, बोटं टाइलला अडकत असतील तर एएफओ म्हणजे घोट्याचा प्लास्टिकचा सपोर्ट लागतो, तो मापाने बनवून घ्या, मेडिकलमध्ये लटकवलेला घेऊ नका, बधिर पायाला जखम झाली तर समजत नाही.

आता सकाळचा कडकपणा. मेंदूकडून येणारा ब्रेक कमी झाला की स्नायू आपापल्या मर्जीने आवळतात, कधी पाऊल टेकवलं की घोटा टकटक टकटक उडत राहतो, त्याला क्लोनस म्हणतात, घाबरायचं नाही, गुडघ्यावर हाताने वजन देऊन टाच खाली दाबली की बहुतेक वेळा थांबतो. पोटरीचे आणि मांडीच्या मागचे स्नायू सावकाश ताणायचे, अर्धा मिनिट धरून, झटके देऊन नाही, तेही पलंगावरून उठायच्या आधीच, म्हणजे पहिलं पाऊल सैल पायाने पडतं. बॅक्लोफेन, म्हणजे कडकपणा कमी करायची गोळी, चालू असेल तर दोन गोष्टी. एक, तो मनाने बंद करायचा नाही, अचानक बंद केला तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, कमी करायचा तर डॉक्टर हळूहळू करतात. दुसरी, कडकपणा पूर्ण घालवणं हा हेतू नसतो, कित्येक पेशंट त्या कडकपणावरच उभे असतात, डोस जास्त झाला की पाय लुळे पडतात आणि परवा चालणारा माणूस आज बसतो, मग घरचे म्हणतात गाठ परत आली. आणि कडकपणा एकाएकी वाढला तर गोळी वाढवायच्या आधी लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, घट्ट बूट, हे बघा. पायाच्या अंगठ्याचं नख आत घुसलेलं असलं तरी पाय कडक होतो, पेशंटला दुखत नाही पण मज्जारज्जूला ते टोचणं पोचतं. मी तर कडकपणा वाढला म्हणून कोणी आलं की पहिले मोजे काढायला लावते.

रात्रीच्या पडण्याचं कारण अर्धं डोळ्यांत आणि अर्धं लघवीत आहे असं मला वाटतं. मज्जारज्जूला या उंचीवर इजा झाली की लघवी आली की लगेच आली, थांबवता येत नाही, असं होतं, मग माणूस धावपळ करतो. रात्री पलंगाजवळ युरिन पॉट ठेवा, त्यात लाज कसली. पलंग ते बाथरूम दिवा रात्रभर चालू ठेवा. लघवी अडखळत होतेय किंवा झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतंय तर सोनोग्राफीत मूत्राशयात किती उरते ते बघून घ्या, जास्त उरत असेल तर युरोलॉजिस्ट दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालून रिकामं करायला शिकवतात, ऐकायला भयंकर वाटतं पण सरावाचं काम आहे आणि किडन्या वाचतात. बाथरूममध्ये पकडायला दांडा भिंतीत ड्रिल करून बसवा, टॉवेलच्या रॉडला धरून उठू नका, तो टॉवेलसाठी असतो. पावसाळ्यात पॅसेज ओला असतो, चपलांची माती असते, तेवढे महिने दाराबाहेर पुसायचं काम कोणाला तरी नेमून द्या. आंघोळीचं पाणी हाताने बघूनच पायावर, गरम पाण्याची पिशवी तर पूर्ण बंद, आमच्याकडे भाजलेले तळवे घेऊन लोक येतात आणि त्यांना फोड दिसेपर्यंत पत्ता नसतो. रोज झोपताना तळवे तुम्ही बघायचे.

किती दिवस, हा प्रश्न तर येणारच. सर्वात जास्त फरक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसतो, नंतर वेग कमी होतो पण दीड-दोन वर्षांपर्यंत सुधारणा होत राहते. सगळ्यात मोठी जमेची बाजू ऑपरेशनआधीची अवस्था असते, आणि ते चालत ॲडमिट झाले होते हे ज्याचं तुम्हाला दुःख वाटतंय तेच त्यांच्या बाजूने आहे. आधीपासून महिनोन् महिने व्हीलचेअरवर असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. मला अंदाज विचाराल तर सहा आठवड्यांत पॉवर चार असलेला माणूस वॉकरवरून काठीवर येईल अशी मी अपेक्षा ठेवून काम करेन. अंधारात, गर्दीत, खडबडीत रस्त्यावर त्यांना पुढेही जपून राहावं लागू शकतं. मोजायचं असेल तर घराबाहेरच्या लॉबीत १० मीटर आखा आणि चालायला किती सेकंद लागतात ते महिन्यातून एकदा मोबाइलवर लावा. सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे १० मीटरला साधारण साडेबारा सेकंद, इथे आलं की माणूस बाहेर बऱ्यापैकी वावरू शकतो असं आमच्यात धरतात, हा आकडा मुळात स्ट्रोकने पॅरालिसिस झालेल्या पेशंट्सवरून आलाय पण अंदाजाला चालतो.

तेलाने मालिश करणाऱ्या माणसाला बोलवायचं का, हेही तुम्ही विचारलंय. पोटरीला हलक्या हाताने तेल लावलं तर बरं वाटेल, लावा, पण पाठीला, टाक्यांच्या आसपास कोणालाही हात लावू द्यायचा नाही, मान-पाठ कडाकडा वाजवणं तर नाहीच. आणि एका पोटरीला सूज असेल, गरम लागत असेल तर मालिश सोडाच, त्याच दिवशी डॉक्टरकडे, पायात रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. स्टेम सेलची जाहिरात तुम्ही पाठवलीत, त्यावर पैसे घालू नका, या प्रकारच्या इजेसाठी ते सिद्ध झालेले उपचार नाहीत, आणि गाठीच्या पेशंटला तर मी दहा वेळा नको म्हणेन. रोबोटवर चालवणारी सेंटर्स वाईट नाहीत, पाय जास्त कच्चे असतील तर उपयोग होतो, पण तुमचे मिस्टर वॉकरवर पाऊल टाकतायत, तेवढ्या पैशात चांगला फिजिओ कित्येक महिने येईल. पैशाची ओढाताण असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, एएफओ बनवणं सगळं एका छताखाली, ऐरोलीहून लांब पडतं हे खरं, पण एकदा तपासून प्लॅन आणला तरी वसूल.

हे झालं तर मात्र फिजिओला फोन न करता थेट सर्जनकडे: काल उचलत होते तो पाय आज उचलत नाही, लघवी एकदम बंद झाली, टाक्यांतून पाण्यासारखं काही येतंय, बसलं की डोकं फुटतंय आणि झोपलं की थांबतंय, ताप, अचानक दम लागणं. आणि फॉलोअपचा एमआरआय "आता बरे आहेत" म्हणून चुकवू नका, एपेन्डिमोमा पूर्ण निघाला तरी पुढची काही वर्षं लक्ष ठेवतातच.

महापेची नोकरी. बैठं काम असेल तर मालकांशी आतापासून बोला, सुरुवातीला अर्धा दिवस. बाइक सध्या विसरा, ब्रेकवर पाय आहे की नाही हे ज्याला बघून कळतं त्याने गाडी चालवायची नसते. लोकलचं म्हणाल तर ऐरोली स्टेशनला दुपारच्या रिकाम्या वेळेत आधी नुसतं जाऊन या, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कच्चा पाय आधी, प्लॅटफॉर्म आणि डब्यातल्या फटीकडे बघून पाऊल टाकायची प्रॅक्टिस करा, गाडी पकडायची घाई नको. सहा महिन्यांनंतरही बरीच अडचण उरली असेल तर दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज करा, २०१६च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती लागू होतात. मिस्टर "मी काय अपंग आहे का" म्हणतील, सगळेच म्हणतात, नंतर दिव्यांगांच्या डब्यात बसायला मिळालं की गप्प होतात.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा अंगठ्याच्या तपासणीत दहापैकी किती बरोबर आले, उजवा-डावा वेगळा, ते लिहा, बॅक्लोफेनचा डोस लिहा, आणि चालतानाचा व्हिडिओ काढलात तर एकदा समोरून आणि एकदा बाजूने, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडून, चेहरा नाही आला तरी चालेल, मला गुडघे आणि घोटे दिसले पाहिजेत.